एका खेळाची वाहिनी : लाभ कोणाचा, मैदान कोणाचे?

नोव्हेंबर १९९९ मध्ये अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल संघांच्या संघटनेने, म्हणजे एनबीएने, स्वतःची दूरचित्रवाणी वाहिनी सुरू केली. चोवीस तास बास्केटबॉल, आणि बास्केटबॉलशिवाय दुसरे काहीही नाही, असा तिचा बाणा होता. व्यावसायिक खेळाच्या संघटनेने स्वतःच प्रक्षेपक व्हावे, हा त्या देशातही तेव्हा नवा प्रकार होता. पुढे २००३ मध्ये अमेरिकन फुटबॉलने आणि २००९ मध्ये बेसबॉलने तोच मार्ग धरला. एनबीएच्या या वाहिनीचे संचालन २००८ पासून टर्नर या माध्यमसमूहाकडे होते. ऑक्टोबर २०२५ पासून संघटनेने ते पुन्हा आपल्या हाती घेतले आहे. एका खेळाला वाहिलेली वाहिनी पाव शतक टिकते, इतकेच नव्हे तर तिच्या मालकीसाठी हालचाली होतात, तेव्हा ती हौशी लोकांची लहर राहत नाही. ती एक आर्थिक संस्था ठरते आणि तिचा विचारही तसाच करावा लागतो.

उत्तनच्या किनाऱ्यावर बोंबील सुकविण्याच्या वलांडी उभ्या आहेत, सकाळच्या बसला भाईंदर स्थानकाकडे निघालेल्या नोकरदारांची रांग लागलेली आहे. अशा ठिकाणी बसून अमेरिकेतील एका वाहिनीची उठाठेव कशाला, असा प्रश्न वाचक विचारतील. प्रश्न रास्त आहे. परंतु ज्या महाविद्यालयीन तरुणांना आम्ही शिकवितो त्यांच्या हातातील फोनवर ही वाहिनी आणि तिची भावंडे केव्हाच येऊन पोहोचली आहेत. लॉस एंजेलिसच्या संघातील पाच खेळाडूंची नावे न अडखळता सांगणारी मुले वर्गात आढळतात. त्यांतील किती जणांनी आयुष्यात एकदा तरी रिंगणात चेंडू टाकला आहे, असे विचारले की वर्ग शांत होतो. ही शांतता त्या मुलांच्या आळसाची नाही. पाहण्याची सोय झाली आणि खेळण्याची झाली नाही, असा तिचा अर्थ आहे. प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे.

वाहिनी नव्हे, दुकानाची काच

प्रथम साधे गणित करू. एनबीएमध्ये ३० संघ आहेत. प्रत्येक संघ नियमित हंगामात ८२ सामने खेळतो. म्हणजे एकूण सामने १,२३०. एक सामना खेळाच्या घड्याळाप्रमाणे ४८ मिनिटांचा असला तरी विश्रांती, थांबे आणि जाहिराती धरून तो सुमारे सव्वादोन तास चालतो. सारे सामने एकापाठोपाठ एक दाखविले तरी सुमारे २,७७० तास भरतील. वर्षाचे तास असतात ८,७६०. म्हणजे सगळे सामने हाती असूनही वाहिनीचा दोन तृतीयांश वेळ रिकामाच राहील. प्रत्यक्षात सगळे सामने तिच्या हाती नसतातच, कारण त्यांतील मोलाचे सामने संघटना मोठ्या प्रक्षेपकांना विकते. २०२४ साली झालेल्या करारांनुसार डिस्ने, एनबीसी आणि ॲमेझॉन या तिघांनी ११ वर्षांसाठी मिळून सुमारे ७,६०० कोटी डॉलर मोजण्याचे मान्य केले. मग या वाहिनीवर उरते काय? उरलेले सामने, जुन्या सामन्यांची उजळणी, खेळाडूंच्या मुलाखती आणि अखंड चर्चा. उघड आहे की हे बव्हंशी खेळाचे प्रक्षेपण नसून खेळाविषयीच्या उत्सुकतेचे प्रक्षेपण आहे.

उत्सुकता हा या धंद्याचा कच्चा माल होय. वॉल्टर नील या अर्थशास्त्रज्ञाने १९६४ साली व्यावसायिक खेळाच्या अर्थकारणाचे एक वैचित्र्य दाखवून दिले होते. कापडगिरणीच्या मालकाला शेजारची गिरणी बुडाली तर आनंद होईल. परंतु खेळातील संघाला प्रतिस्पर्धीच उरला नाही तर त्याच्याजवळ विकायला मालच उरत नाही. सामना हे दोन प्रतिस्पर्ध्यांनी मिळून केलेले उत्पादन आहे. म्हणून संघांना मैदानावर स्पर्धा आणि बाजारात सहकार्य, अशी दुहेरी वर्तणूक ठेवावी लागते. इतर कोणत्याही धंद्यात अशा सहकार्याला मक्तेदारांची संगनमती म्हटले गेले असते. अमेरिकेने मात्र १९६१ मध्ये खास कायदा करून फुटबॉल, बेसबॉल, बास्केटबॉल आणि हॉकी यांच्या संघटनांना सर्व संघांचे प्रक्षेपण हक्क एकत्र विकण्याची मुभा दिली. ज्या देशाला आपण मुक्त स्पर्धेचे माहेरघर समजतो तेथील खेळाचा बाजार असा कायद्याच्या सवलतीवर उभा आहे, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

संघटनेने स्वतःची वाहिनी काढणे ही त्याच सवलतीची पुढची पायरी होय. माल आपला, दुकान आपले आणि मालाची परीक्षा करणारा समीक्षकही आपल्याच पगारावरचा. अशा वाहिनीवर पंचांचा निर्णय चुकला अशी चर्चा होईल, एखादा खेळाडू ढेपाळला असेही म्हटले जाईल. पण तिकिटांचे दर का वाढले, क्रीडागारासाठी नगरपालिकेच्या तिजोरीतून पैसा का गेला, खेळाडूंच्या संघटनेशी मालकांचा तंटा का झाला, हे प्रश्न मालकाच्या घरात बसून कोण किती धिटाईने विचारील? तेथे काम करणाऱ्या पत्रकारांच्या सचोटीविषयी संशय घेण्याचे कारण नाही. जी रचना प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर देणाऱ्याचा नोकर करते, ती रचनाच सदोष आहे.

वरळीतील दोन संध्याकाळी

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही, हे ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ या दोन दिवसांनी दाखविले. मुंबईत वरळीच्या एनएससीआयच्या घुमटाखाली सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स या संघांचे दोन सराव सामने झाले. एनबीएच्या संघांनी भारतभूमीवर खेळलेले हे पहिले सामने. पहिल्या दिवशीचे प्रेक्षक बहुतांशी शाळकरी मुले होती; रिलायन्स फाउंडेशनच्या शालेय उपक्रमातील सुमारे ३ हजार मुलांना तेथे आणण्यात आले होते. तो सामना जादा वेळेत गेला आणि इंडियानाने १३२-१३१ असा एका गुणाने जिंकला. त्या मुलांना विलक्षण आनंद झाला असेल यात शंका नाही आणि त्या आनंदाला नाक मुरडण्याचे कारणही नाही.

सॅक्रामेंटो संघाचे प्रमुख मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मलेले आहेत; त्यांचे आडनाव ऐकूनच मराठी माणसाला आपलेपणा वाटतो. २०१३ साली त्यांच्या गटाने हा संघ विकत घेतला तेव्हा तो उचलून सिएटलला नेण्याचा घाट घातला गेला होता. सिएटलचा स्वतःचा संघ २००८ मध्येच ओक्लाहोमा सिटीला हलविण्यात आला होता, त्या जागी हा दुसरा हवा होता. रणदिवे यांनी संघ सॅक्रामेंटोतच राखला; मात्र २०१६ मध्ये उघडलेल्या नव्या क्रीडागारासाठी त्या शहराच्या नगरपालिकेला सुमारे २५ कोटी डॉलरचा भार उचलावा लागला. यातला बोध असा की व्यावसायिक लीगमधील संघ ही मालमत्ता आहे, आणि मालमत्ता गाव बदलू शकते. गाव मात्र जेथल्या तेथे राहते. आपल्या गावाचे नाव जर्सीवर राहावे यासाठी त्याला कर भरावा लागतो.

योगायोग असा की, ज्या दिवशी वरळीत पहिला सामना झाला त्याच ४ ऑक्टोबरला ह्यूस्टन संघाचे सरव्यवस्थापक डॅरिल मोरी यांनी हाँगकाँगमधील आंदोलकांना पाठिंबा देणारा एका ओळीचा मजकूर समाजमाध्यमावर टाकला. चीन संतापला. तेथील सरकारी वाहिनीने एनबीएचे प्रक्षेपण बंद केले आणि पुढचे वर्षभर सामने तिच्यावर दिसले नाहीत. एकीकडे विक्रेत्याच्या मालकीची वाहिनी, दुसरीकडे सत्तेच्या मालकीची. पहिली अवघड प्रश्न विचारणार नाही, दुसरी गैरसोयीचे उत्तर देणाऱ्याचा खेळच बंद करील. चीनमधील कोट्यवधी बास्केटबॉलप्रेमींना कोणी काही विचारले नाही. प्रक्षेपणाची सूत्रे एकाच हितसंबंधीयाच्या हाती गेली की प्रेक्षकाचे मत हिशेबातून वजा होते, मग तो हितसंबंधी कंपनी असो की सरकार.

वाहिनीमुळे खेळ वाढतो काय?

वाहिन्यांच्या समर्थकांचा मुख्य युक्तिवाद असा असतो की प्रक्षेपणामुळे खेळाचा प्रसार होतो, मुले मैदानाकडे वळतात, खेळाडूंना पैसा मिळतो. हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याच्या बाजूने आपल्या घरचाच भक्कम पुरावा आहे. २६ जुलै २०१४ रोजी प्रो कबड्डी लीगचा पहिला सामना झाला तो वरळीच्या याच घुमटाखाली. पहिल्या हंगामाच्या लिलावात सर्वाधिक बोली राकेश कुमारला मिळाली, ती होती १२ लाख ८० हजार रुपयांची. २०१८ मध्ये मोनू गोयतला १ कोटी ५१ लाख मिळाले, तर २०२३ मध्ये पवन सेहरावतवरील बोली २ कोटी ६० लाखांवर गेली. ज्या खेळाचे उत्तम खेळाडू पूर्वी रेल्वेत किंवा पोलिसात नोकरी लागावी म्हणून खेळत, त्या खेळाला दूरचित्रवाणीने नऊ वर्षांत ही किंमत मिळवून दिली. हे श्रेय नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल.

परंतु हे घडले का? कबड्डी दूरचित्रवाणीने निर्माण केली नव्हती. सातारा आणि बडोदे येथे गेल्या शतकाच्या पहिल्या पाव भागातच तिचे नियम बांधले गेले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने देशी खेळांची प्रात्यक्षिके केली, त्यात ती होती. शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी आयुष्ये वेचली. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत तिचा समावेश झाला. कोकणातील आणि मुंबईच्या गिरणगावातील मंडळांनी पदरमोड करून वर्षानुवर्षे स्पर्धा भरविल्या. हे सारे आधी झाले, वाहिनी नंतर आली. पिकलेल्या शेतात यंत्र उतरले म्हणून मळणी झाली; पडीक जमिनीवर तेच यंत्र फिरविले असते तर केवळ धूळ उडाली असती.

धूळ कशी उडते हेही आपण पाहिले आहे. २०१५ मध्ये यूबीए या नावाने एक व्यावसायिक बास्केटबॉल लीग भारतात सुरू झाली. मुंबई चॅलेंजर्स आणि पुणे पेशवाज हे तिचे आपल्याकडील संघ. सामने दूरचित्रवाणीवर दिसले. २०१७ नंतर मात्र ती लीग बंद पडली. २०१२ मध्ये सोनीच्या नव्या क्रीडावाहिनीने एनबीएचे सामने भारतात दाखविण्यास आरंभ केला, पुढे हक्क इतरांकडे गेले, पण अमेरिकेतील खेळ येथे दिसत राहिला. शेरविन रोझेन यांनी १९८१ साली जे सांगितले त्याची ही प्रचीती आहे. एका जादा प्रेक्षकाला तोच सामना दाखविण्याचा खर्च जवळजवळ शून्य असल्यामुळे बाजार सर्वोत्तमाकडे धावतो आणि त्याच्याहून थोड्याच कमी गुणवत्तेच्या खेळाडूला जवळपास काहीच मिळत नाही. जगातील श्रेष्ठ बास्केटबॉल फोनवर उपलब्ध असताना पुण्याच्या संघाचा सामना कोण पाहणार? हिवाळ्यात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील संध्याकाळचे सामने आपल्याकडे सकाळी सहाच्या सुमारास सुरू होतात. नोकरदार तेव्हा गाडी पकडण्याच्या घाईत असतो. तरीही तो पाच मिनिटांची चित्रफीत पाहतो ती अमेरिकेतील सामन्याची, आझाद मैदानाजवळच्या किंवा डेक्कनच्या सामन्याची नव्हे.

नागपाड्याचा धडा

मग महाराष्ट्रात बास्केटबॉल रुजलाच नाही काय? रुजला, आणि तोही दूरचित्रवाणीचे नावही कोणी ऐकले नव्हते तेव्हा. मुंबईच्या नागपाड्याची वस्ती दाट, घरे लहान, बहुसंख्य लोक कष्टकरी. तेथे क्लिफर्ड मॅन्शार्ट या अमेरिकन मिशनऱ्याने १९२० च्या दशकात नागपाडा नेबरहूड हाऊस ही संस्था उभी केली. १९३६ साली सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय सुरू झाले तेही याच वास्तूत, आणि त्याचे पहिले संचालकही मॅन्शार्टच. आजच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचा तो आरंभ. या संस्थेच्या आणि शेजारच्या मस्तान वायएमसीएच्या मैदानांवर गल्लीतील पोरांनी बास्केटबॉल आत्मसात केला. पिढ्यान्‌पिढ्या तेथून राज्याचे आणि देशाचे खेळाडू निघाले. भारताचे कर्णधारपद भूषविलेले आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळविलेले अब्बास मुंतसिर हे याच नागपाड्याचे. अलीकडच्या काळात पुण्याच्या शिरीन लिमये हिने भारतीय महिला संघाचे नेतृत्व केले.

नागपाड्यात काय होते? एक मोकळी जागा, दोन रिंगणे, संध्याकाळी दिवा, खेळ शिकविणारा माणूस आणि दार उघडे ठेवणारी संस्था. वाहिनी नव्हती, प्रायोजक नव्हता, लिलाव नव्हता. बास्केटबॉलचा जन्मही १८९१ साली अमेरिकेतील स्प्रिंगफिल्डच्या वायएमसीएमध्ये असाच झाला होता. हिवाळ्यात मुलांना बंदिस्त जागेत खेळविता यावे म्हणून जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने तो बसविला. एका शिक्षकाने लहान जागेतील विद्यार्थ्यांसाठी शोधलेला हा खेळ आहे, हे शिक्षक वाचकांनी विशेषत्वाने ध्यानात घ्यावे.

जागेचा मुद्दा शहरी महाराष्ट्राला कळीचा आहे. बास्केटबॉलचे मैदान २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद, म्हणजे ४२० चौरस मीटर. चारी बाजूंना दोन-दोन मीटर मोकळे सोडले तरी सुमारे ६०० चौरस मीटर, आपल्या भाषेत सहा गुंठे. एवढ्या जागेत दहा मुले एकाच वेळी खेळतात. कबड्डीला तर १३ बाय १० मीटर पुरतात. क्रिकेटच्या एका मैदानाच्या जागेत अशी कितीतरी क्रीडांगणे मावतील. ज्या शहरात जमिनीची टंचाई आहे तेथे कमी जागेत अधिक मुलांना खेळविणारा खेळ हा सार्वजनिक पैशाचा सर्वात किफायतशीर विनियोग ठरतो, हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

आकाश आणि जमीन

आता आपल्या कायद्यांकडे वळू. १९९३ मधील हीरो कप स्पर्धेच्या प्रक्षेपणावरून बंगाल क्रिकेट संघटना आणि दूरदर्शन यांच्यात वाद झाला. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर निकाल दिला. न्या. पी. बी. सावंत यांचा त्यात प्रमुख वाटा होता. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. ती सरकारची मक्तेदारी नव्हे आणि खासगी मक्तेदारांच्या हवाली करण्याची वस्तूही नव्हे. तिचा वापर लोकहितासाठी नियंत्रित झाला पाहिजे, असे त्या निकालाचे सार आहे. सरकारी मक्तेदारी मोडली, हा निकालाचा अर्धा भाग आपण मनापासून स्वीकारला. खासगी मक्तेदारीविषयीचा दुसरा अर्धा भाग सोयीस्करपणे विसरलो.

२००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून घोषित झालेल्या सामन्यांचे प्रक्षेपण प्रसारभारतीला देणे खासगी हक्कधारकांवर बंधनकारक केले. जाहिरातींचे उत्पन्न ७५ टक्के हक्कधारकाला आणि २५ टक्के प्रसारभारतीला, अशी वाटणी ठरली. कायदा चांगला आहे. पण त्याने भरून निघतो तो पाहण्याचा अनुशेष, आणि तोही प्रामुख्याने क्रिकेटचा. ज्या खेळांना कोणी हक्कधारकच नाही, ज्यांच्या जिल्हा आणि राज्य स्पर्धा रिकाम्या बाकांसमोर होतात, त्यांना या कायद्याचा उपयोग शून्य.

आणि अमेरिकेत संघटनेने वाहिनी काढली, तर आपल्याकडे वाहिनीने संघटना घेतली. २०१५ मध्ये स्टार इंडियाने प्रो कबड्डीची मालकी असलेल्या कंपनीचे ७४ टक्के भाग विकत घेतले. दिशा उलट, मुक्काम तोच. आयपीएलचे २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे हक्क २०२२ साली ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. ते घेणाऱ्या दोन परस्परविरोधी गटांचे व्यवहारही २०२४ च्या अखेरीस एकत्र आले. आकाशातील मालकी अशी वेगाने एकवटत असताना जमिनीवर काय चालले आहे?

जमिनीवर दोन कायदे आहेत. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याच्या परिशिष्टात शाळेला क्रीडांगण हवे असे म्हटले आहे. उच्च प्राथमिक वर्गांत शंभराहून अधिक मुले असतील तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक हवा, असेही म्हटले आहे. दुसरा कायदा १९६६ चा, प्रादेशिक व नगररचनेचा. विकास आराखड्यात क्रीडांगणासाठी जागा राखून ठेवता येते. मात्र त्याच कायद्याच्या कलम १२७ नुसार दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, तर मालकाने नोटीस दिल्यावर ठराविक मुदतीनंतर आरक्षण आपोआप संपुष्टात येते. म्हणजे मैदान गिळंकृत करायला कोणी आक्रमण करण्याची गरज नाही. दहा वर्षे स्वस्थ बसले तरी पुरे. जमीनमालकाला अनिश्चित काळ अडकवून ठेवू नये हा या कलमाचा हेतू न्याय्यच आहे. अन्याय होतो तो नगरपालिकेने ठराव करून पैसा न ठेवल्यामुळे.

मीरा-भाईंदरची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे ५ लाख २० हजार होती, ती २०११ च्या जनगणनेत ८ लाख ९ हजारांवर गेली. दहा वर्षांत जवळजवळ तीन लाख माणसे वाढली. ज्या कालावधीत आरक्षणाची मुदत भरते, नेमक्या तेवढ्याच कालावधीत ही वाढ झाली. उत्तन, डोंगरी, चौक, पाली ही कोळ्यांची आणि शेतकऱ्यांची जुनी गावे या शहराच्या टोकाला आहेत. येथे अजून मोकळी जागा दिसते. पण ज्या मोकळ्या जागेला कायद्याचे कुंपण नाही ती जागा फक्त आपली पाळी येण्याची वाट पाहत असते. भाईंदरच्या बाजूला जे घडले ते येथे घडण्याआधी क्रीडांगणे नकाशावर, सात-बाऱ्यावर आणि अंदाजपत्रकात अशी तिन्ही ठिकाणी नोंदली गेली पाहिजेत. तिन्हींपैकी एक ठिकाण सुटले तरी मैदान सुटते.

आक्षेप आणि उत्तर

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, ज्याला एनबीए पाहायचे तो पैसे मोजून पाहतो; त्यात मास्तरांनी नाक का खुपसावे? आक्षेप मान्य आहे. कोणाची करमणूक बंद करावी असे येथे सुचविलेलेच नाही. ज्या तरुणाला उत्तम खेळ पाहून आनंद होतो त्याची अभिरुची सुधारते असेच आमचे मत आहे. फक्त करमणुकीच्या व्यवहाराला क्रीडाविकास हे नाव देऊ नये, आणि कंपन्यांच्या शालेय उपक्रमांकडे बोट दाखवून शासनाने आपल्या कर्तव्यातून अंग काढून घेऊ नये. गिऱ्हाईक घडविणे हा कंपनीचा हेतू असतो आणि तो गैर नाही. खेळाडू आणि निरोगी नागरिक घडविणे हे समाजाचे काम आहे.

दुसरा आक्षेप पैशाचा. नगरपालिकांना पाणी आणि कचरा यांचीच चिंता पुरेशी आहे, त्यात खेळाचा खर्च कोठून आणावा? परंतु येथे मोठ्या क्रीडासंकुलाची मागणी नाही. संकुल बांधले की त्याचे उद्घाटन होते, मग भाडे लागते, मग कुलूप लागते. मागणी आहे ती सहा गुंठ्यांच्या सिमेंटी पटांगणाची, दोन खांबांची, चार दिव्यांची आणि एका शारीरिक शिक्षकाच्या पगाराची. शाळांची मैदाने संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी वस्तीतील मुलांना खुली केली तर जमिनीचा खर्चही नाही. देखरेखीसाठी रखवालदाराचे दोन तास वाढवावे लागतील, इतकेच.

तेव्हा करावयाचे काय, ते थोडक्यात असे. विकास आराखड्यातील प्रत्येक क्रीडांगणाचे आरक्षण कोणत्या वर्षी संपते याची यादी महापालिकांनी दरवर्षी अंदाजपत्रकासोबत प्रसिद्ध करावी. मुदत सरण्यापूर्वी लोकांना कळले तर लोक प्रश्न विचारतील. शाळांतील शारीरिक शिक्षणाची रिकामी पदे भरावीत आणि तो तास गणिताला किंवा इंग्रजीला उसना देण्याची प्रथा मोडावी; शिक्षक वाचकांनी याचा विचार स्वतःपासून सुरू करावा. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीने आठवड्यातील ठराविक तास जिल्हा आणि राज्य पातळीवरील कबड्डी, खो-खो, बास्केटबॉल यांच्या मराठीतील प्रक्षेपणाला द्यावेत. आणि २००७ च्या कायद्यात दुरुस्ती करून मोठ्या प्रक्षेपण हक्कांच्या विक्रीवर अल्पसा उपकर बसवावा. तो फक्त प्रेक्षक नसलेल्या खेळांच्या मैदानांसाठी राखून ठेवावा. ध्वनिलहरी जर लोकांच्या मालकीच्या असतील, तर त्यांच्या भाड्यातील थोडा वाटा लोकांच्या जमिनीवर उतरणे यात दानधर्म नाही, तो हिशेबच आहे.

एका खेळाला वाहिलेली वाहिनी ज्या समाजात निघाली त्या समाजात त्या खेळाची रिंगणे आधी शाळाशाळांत, चर्चच्या आवारात आणि गल्लीबोळांत लागलेली होती. आपण त्यातला शेवटचा मजला उचलून आणला आहे आणि पायाचे काम कोणी तरी केलेच असेल अशी समजूत करून घेतली आहे. पाया खणण्याची जागा अजून शिल्लक आहे. उत्तनसारख्या गावांत तर ती डोळ्यांसमोर आहे. पुढील दहा वर्षांनी ती असेल की नाही, हे अमेरिकेतील कोणत्याही वाहिनीवर ठरणार नाही. ते ठरेल आपल्या महापालिकेच्या सभागृहात, आणि त्या सभेचे प्रक्षेपण कोणी करीत नसल्यामुळे आपल्यालाच तेथे जाऊन बसावे लागेल.